पुरुषोत्तम गावंडेचा सेक्टर

पुरुषोत्तम गावंडे या एका माणसाने मला जेवढा मनस्ताप दिला, तेवढा सैन्यातल्या माझ्या सगळ्या वरिष्ठांनी मिळून दिला नसेल, आणि त्या वरिष्ठांमध्येही एकेक नग होते. मी मिलिटरी नर्सिंगमध्ये होते. शेवटचं पोस्टिंग चंडीगडजवळच्या चंडीमंदिरच्या छावणीत झालं, मेजर म्हणून निवृत्त झाले आणि साताऱ्याला परत जायचं ते राहूनच गेलं. चंडीगडात घरोघर एकटे म्हातारे आहेत. मुलं कॅनडात, घरं मोठी, आणि इंजेक्शन द्यायला माणूस नाही. म्हणून मी घरी नर्स पाठवायची सेवा सुरू केली. आधी सगळं फोनवर आणि भिंतीवरच्या फळ्यावर चालायचं. पेशंट वाढले, फळा पुरेना, तेव्हा सॉफ्टवेअर करून घ्यायचं ठरलं. आयटी पार्कातली कंपनी बंद पडल्यामुळे एक मराठी माणूस रिकामा बसलाय असं कळलं. आपला माणूस म्हणून मी त्याला डोळे मिटून कामावर घेतलं.

डोळे उघडे ठेवले असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. चाळिशीला टेकलेला, काटकुळा, वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्याचा. मी चहा पुढे केला तर म्हणाला, हा कॉफीचा मग आहे, चहाचा कप नाही का? मला वाटलं गंमत करतोय. गंमत नव्हती. त्याच्या डब्यात पोळीच्या खणात भाजीचा थेंब गेलेला मी कधी पाहिला नाही. टेबलाच्या एका खणात फक्त चार्जर, दुसऱ्यात फक्त वायरी, आणि चार्जरला कायमची जोडलेली वायर कुठल्या खणात ठेवायची यावर त्याने एकदा अर्धी सकाळ घालवली. लग्नाचं विचारलं तर म्हणाला, "कशी बायको पाहिजे हेच अजून पक्कं नाही झालं, मॅडम. ते पक्कं झाल्याशिवाय पाहून काय करू?" मी माझा चहा मगातच प्यायले.

कामाचंही तेच. महिना उलटला तरी पडद्यावर एक पेशंट दिसेना. रोज विचारलं की उत्तर एकच, टाइप बनवून राहिलो. शेवटी मी त्याला समोर बसवून म्हटलं की मला नीट समजेल असं सांग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.

मग त्याने सांगितलं ते असं. कॉम्प्युटरला मुळात मोजक्याच गोष्टी कळतात. आकडा, मजकूर, हो किंवा नाही. आळशी प्रोग्रामर पेशंटचं नाव मजकुरात घालतात, पत्ताही मजकुरात घालतात आणि औषधही. मशीनला तिन्ही सारखेच. उद्या कुणी पत्त्याच्या जागी खोकल्याचं औषध लिहिलं तरी ते हूं की चूं करणार नाही. म्हणून आपल्या कामात जे जे लागतं, त्याचा स्वतंत्र प्रकार, म्हणजे टाइप, आपणच घडवायचा. पेशंट हा एक प्रकार, पेशंटचा नातेवाईक हा दुसरा, जखम वेगळी, पत्ता वेगळा. प्रत्येकाचे नियम त्याच्या आतच ठोकून बसवायचे, म्हणजे नियमात न बसणारी वस्तू मशीनमध्ये तयारच होत नाही.

"मजकुरात काहीही चालते, मॅडम," तो म्हणाला. "पत्त्यात काहीही नाही चालत."

हे बोलताना त्याचा चेहरा असा उजळला होता की मला रागवायलाही सुचेना. पुढे मला कळलं की कारंज्याला त्याच्या घराचा पत्ता म्हणजे मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीसमोर, गावंडे सरांना विचारणे, असा होता. गिरणी केव्हाच बंद पडली होती आणि गावंडे सर हे दुसरेच गावंडे होते. अशा गावातून आलेल्या माणसाला चंडीगड म्हणजे स्वर्गच वाटला असणार. रस्ते सरळ, सेक्टरना नंबर, घरांना नंबर, कुणाला काही विचारायची गरज नाही. कंपनी बंद पडल्यावर बाकीची मुलं पुण्याला, बंगळूरला गेली. हा नंबरांच्या प्रेमात इथेच थांबला.

खरं सांगायचं तर त्याच्या टाइपांचा उपयोगही झाला. रक्तदाब म्हणजे नुसते दोन आकडे नव्हेत, वरचा खालच्यापेक्षा मोठा असलाच पाहिजे, असा नियम त्याने घातला. मी म्हटलं, अरे, हे न कळणारी नर्स मी जन्मात पाहिली नाही. पहिल्याच आठवड्यात आमच्या एका सिस्टरने घाईत आकडे उलटे टाकले आणि मशीनने तिला अडवलं. पुरुषोत्तमने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. मला तोंडघशी पाडून वर न पाहणारी माणसं मला जास्तच चीड आणतात.

सेक्टरचं तर त्याने खरंच भलं केलं. वीस नंबरचा सेक्टर चंडीगडलाही आहे आणि पंचकुल्यालाही. एकसष्ट चंडीगडलाही आणि मोहालीलाही, आणि मोहालीची माणसं त्याला एकसष्ट न म्हणता फेज सात म्हणतात. फळ्याच्या काळात आमच्या सिस्टर्स सारख्या भलत्याच शहरात जाऊन दार वाजवायच्या. पुरुषोत्तमने सेक्टर नावाचा प्रकार घडवला. त्यात शहर आधी, नंबर नंतर, आणि त्या शहरात त्या नंबरचा सेक्टर असला तरच तो तयार होणार. ज्या वस्त्यांना नंबर नाही, जसं मनीमाजरा किंवा बुडैल, त्यांचा प्रकार वेगळा. तो स्वतः मनीमाजऱ्यातच भाड्याने राहत होता. त्या दिवसापासून चुकीच्या दारावर जाणं बंद झालं आणि मी त्याला पेढे दिले. ते बर्फी लिहिलेल्या डब्यात होते, तर पेढे पेढ्यांच्याच डब्यात हवेत अशी त्याने अट घातली.

चंडीगडात तेरा नंबरचा सेक्टर नाही, हे त्याला आल्या आल्या कुणीतरी सांगितलं होतं. हे इथलं प्रत्येक जण नव्या माणसाला सांगतं. शहर आखणाऱ्याने अशुभ म्हणून तेरा वगळला, असं ऐकवायची पद्धत आहे. पुरुषोत्तमला ते फार आवडलं होतं. कारंज्याहून पाहुणे आले की बाग दाखवायच्या आधी तो त्यांना हे सांगायचा. आपल्या टाइपात त्याने ते मोठ्या हौसेने बसवलं. कुणी सेक्टर तेरा लिहिलाच तर पडद्यावर लाल अक्षरं यायची, हा सेक्टर अस्तित्वात नाही.

आता राजाभाऊंबद्दल सांगते. राजाभाऊ सोमण मूळचे मिरजेचे. एका सरकारी संस्थेत ड्राफ्ट्समन म्हणून तरुणपणी इथे आले आणि इथलेच झाले. बायको गेली, मुलगी अक्षरा कॅनडाला. प्रोस्टेटचा त्रास, हृदय कमजोर म्हणून ऑपरेशन करता येईना, त्यामुळे लघवीची नळी कायमची. ती दर काही दिवसांनी धुवावी लागते, बदलावी लागते. कानाने जवळजवळ बहिरे. अक्षराचं म्हणणं होतं की त्यांनी पिंजौर रस्त्यावरच्या एका वृद्धाश्रमात राहावं. राजाभाऊ तयार नव्हते. त्यांना त्यांचं घर हवं होतं, गच्चीतला कढीपत्ता हवा होता, सकाळी ड्रॉइंग बोर्डासमोर बसून कुठल्याशा पुलाचं चित्र काढायचं होतं. शेवटी बापलेकीत व्हिडिओवर करार झाला. मीही ऑफिसातून त्या कॉलवर होते, राजाभाऊंचं घर मी कधी पाहिलेलं नव्हतं. आमची नर्स वेळेला येत राहिली तर राजाभाऊ घरी राहतील. गरज पडली आणि नर्स आली नाही, असं एकदा जरी झालं, तर ते मुकाट्याने वृद्धाश्रमात जातील. राजाभाऊंनी मला अंगठा उंचावून दाखवला. त्यांचा माझ्यावर पूर्ण भरवसा होता.

बरेच महिने सगळं सुरळीत चाललं. ठरलेली सिस्टर जायची, नळी धुवायची, कढीपत्ता घेऊन यायची. राजाभाऊंना फोनवर ऐकू यायचं नाही म्हणून अक्षराने त्यांच्या मोबाइलवर आमच्या ॲपचं मदतीचं मोठं बटण आणून ठेवलं होतं. दाबलं की ड्यूटीवरच्या नर्सला आपोआप पत्ता जायचा आणि अक्षराचाही फोन वाजायचा. हेही पुरुषोत्तमचंच काम, आणि चांगलं काम.

एका रविवारी दुपारी राजाभाऊंची नळी तुंबली. ज्याने हे भोगलंय त्यालाच कळेल. पोट फुगत जातं, थेंब बाहेर पडत नाही आणि माणूस तळमळतो. त्यांनी बटण दाबलं. नेहमीची सिस्टर गावी गेली होती, म्हणून सोलनची एक नवी मुलगी स्कूटरवर निघाली. ॲपने तिला सेक्टर बारा दाखवला. सेक्टर बारा म्हणजे मोठं हॉस्पिटल आणि इंजिनिअरिंग कॉलेज. तिथल्या क्वार्टर्समध्ये त्या नंबरचं एक घर निघालंसुद्धा. त्या लोकांनी बिचारीला पाणी दिलं, पण नळीवाला म्हातारा त्यांच्याकडे नव्हता. आणि ती त्या दारात उभी होती म्हणून ॲपने तिकडे कॅनडात अक्षराला कळवलं की नर्स पोहोचली. तिथे पहाट होती. ती पोरगी निर्धास्त होऊन परत झोपली.

नव्या सिस्टरने राजाभाऊंना फोन केला, त्यांना ऐकू गेला नाही. ऑफिस बंद. मग तिने पुरुषोत्तमला फोन केला, कारण ॲपची तक्रार त्याच्याकडे जायची. त्याने तिला काय सांगावं? पत्ता मशीनने तपासलेला आहे, तो चुकीचा असूच शकत नाही, तुम्हीच नीट शोधा. ती पुन्हा शोधत बसली.

राजाभाऊ बटण दाबत राहिले, त्याने अक्षरा जागी झाली आणि तिने मला फोन केला. मी पुरुषोत्तमला लावला. त्याचं तेच पालुपद. "चुकीचा पत्ता आपल्याकडे राहूच नाही शकत, मॅडम. टाइपच नाही बनत." माझं डोकं असं सणकलं की मी फोन आपटला आणि हरलीनला लावला. हरलीन म्हणजे आमच्या ऑफिसात फोन घेणारी मुलगी. ती मोहालीपलीकडच्या खरड गावात कुठल्या लग्नात होती, मागे ढोल वाजत होता.

"मॅम, अंकल तो मनीमाजरा में हैं," ती म्हणाली. "अक्षरा दीदी से ॲप में भरा नहीं गया, तो मुझे फोन पे सेक्टर तेरह बोला था. मशीन ने लिया नहीं, तो मैंने बारह डाल दिया. सिस्टर को घर पता था न."

मी म्हटलं, सेक्टर तेरा कुठून आला? तेव्हा तिने सांगितलं की मनीमाजऱ्यालाच सरकारने काही वर्षांपूर्वी सेक्टर तेरा नाव दिलंय. कागदावर सगळीकडे तेच असतं, बोलताना मात्र कुणी म्हणत नाही. रिक्षावाला, भाजीवाला, सगळे मनीमाजराच म्हणतात. म्हणजे इथल्या लोकांनी सवयीने मनीमाजरा लिहिलं आणि ते चाललं. दूर कॅनडात बसलेल्या मुलीने बापाच्या कागदांवर होतं ते बरोबर लिहिलं, आणि तिलाच मशीनने नाही म्हटलं. मग हरलीनने मशीनला पटेल असं काहीतरी खोटं भरलं. मी तिच्यावर ओरडणार होते, पण काय म्हणून ओरडू? दार उघडत नसेल तर माणूस खिडकी बघतोच.

मी गाडी काढली आणि वाटेतून पुरुषोत्तमला पुन्हा फोन केला. म्हटलं, तू मनीमाजऱ्यात आहेस, घर नंबर सांगते, सेक्टर तेरा, पळत जा. तर हा माणूस त्या क्षणीसुद्धा मला म्हणतो, "पण तेरा तर नसतेच न, मॅडम."

मी त्याला साताऱ्याच्या भाषेत जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

घर त्याच्या मागच्याच गल्लीत निघालं. रोज दूध आणायला तो त्या फाटकासमोरून जायचा आणि फाटकावरच्या पाटीवर नंबराखाली स्पष्ट लिहिलेलं होतं, सेक्टर तेरा, चंडीगड. त्याने वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडून किल्ली मिळवली. मी पोहोचले तेव्हा राजाभाऊ बाथरूमच्या फरशीवर भिंतीला टेकून बसले होते, घामाने निथळत, आणि पुरुषोत्तम त्यांचा हात धरून शेजारी बसला होता. मी नळी बदलली. पिशवी भरू लागली तसा राजाभाऊंच्या तोंडून जो उसासा निघाला, तो ऐकून मला रडू यायचं बाकी राहिलं. पुरुषोत्तमला मात्र आलं. तो फाटकाबाहेर जाऊन पाटीसमोर उभा राहिला आणि किती तरी वेळ आत आलाच नाही.

तुंबलेल्या लघवीने व्हायचं ते झालं. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला, जंतुसंसर्ग निघाला आणि राजाभाऊंना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. अक्षरा आली. मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. पुरुषोत्तमने तिला स्वतःहून सांगितलं की तो नियम माझा होता, मशीनचा नाही, मीच कधी तपासलं नाही. तिने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "मी तीनदा लिहिलं होतं. मला वाटलं, मलाच माझं घर माहीत नाही. मेरा अपना घर."

करार झाला होता, साक्षीदार मी होते. राजाभाऊ बरे झाले आणि हॉस्पिटलातून थेट पिंजौर रस्त्याला गेले. त्यांनी शब्द मोडला नाही. घराला कुलूप लागलं.

मी पुरुषोत्तमला एक पूर्ण सकाळ झापलं. त्याने खालमानेने सगळं घेतलं. काढून टाकायचंही मनात होतं, पण दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर त्याने सेक्टरचा प्रकार मोडून नव्याने घडवला होता. आता मशीनला न पटलेला पत्ताही लिहिला तसाच आत जातो, त्याला वेगळा प्रकार दिलाय, आणि तो आला की आमच्यापैकी कुणीतरी फोन करून, नाहीतर प्रत्यक्ष जाऊन घर बघून येतं. बहुतेक वेळा पुरुषोत्तमच जातो. उन्हातान्हात, स्वतःच्या वेळेत, सांगितलं तरी ऐकत नाही. माझं डोकं फिरवायचं त्याने काही सोडलेलं नाही.

दर रविवारी तो पिंजौरच्या बसने राजाभाऊंना भेटायला जातो हे मला मागाहून कळलं. मागच्या वेळी मी गाडीने जाणार होते, म्हणून त्याला सोबत घेतलं. राजाभाऊ वाळले होते, पण खोली स्वच्छ होती, जेवण वेळेवर होतं, नळीची निगा चांगली होती. मला नावं ठेवायला जागा सापडली नाही आणि त्यामुळे जास्तच चिडचिड झाली. ड्रॉइंग बोर्ड मात्र तिथे मावत नव्हता. राजाभाऊंनी पुरुषोत्तमला पलंगावर शेजारी बसवून घेतलं आणि खोलीतल्या इतरांना मोठ्याने सांगितलं की या मुलाने मला शोधून काढलं.

पुरुषोत्तमला ते सहन होईना. तो त्यांच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "काका, चूक माझीच होती. तुमचं घर मीच नाही म्हटलं होतं."

"मला माहीत आहे," राजाभाऊ म्हणाले. "अक्षराने सांगितलं. ते जाऊ दे. पण आता तर तुमच्या मशीनमध्ये माझं घर आहे ना?"

पुरुषोत्तमने मान डोलावली.

"मग मला घरी कधी नेतोस?"

पुरुषोत्तमने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. राजाभाऊ हात कानामागे धरून उत्तराची वाट पाहत बसले.